मोदक बाहेरचे, भरीत चोरून

मावशी,
मी मूळची जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याची, सासर मालवणकडचं, घर ऐरोलीत. लग्नाला चौदा वर्षं झाली. सासूबाई आमच्याकडेच असतात आणि घरात दीड दिवसाचा गणपती बसतो. इतकी वर्षं मोदक त्या करायच्या, मी नारळ खवून द्यायची. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी अगदीच दगा दिला आणि मोदक माझ्यावर आले. आदल्या दिवशी गुपचूप करून पाहिले, सगळे फुटले. शेवटी ठाण्यातल्या एका बाईंकडून एकवीस मोदक आणले आणि मीच केले म्हणून वाढले. घरात वास यावा म्हणून पातेल्यात हळदीची पानं उकळत ठेवली होती. सासूबाईंनी मोदकाच्या कळ्या मोजल्या आणि म्हणाल्या, "आता तू आमची झालीस." मग ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. या वर्षी घोडबंदर रोडवरच्या जाऊबाई आणि नणंद आदल्या दिवशी येऊन माझ्याकडून शिकणार आहेत!
खरं सांगायचं तर मला ओल्या नारळाचं गोड आवडतच नाही. मला लागतं ते भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. पण घरात ते 'जळजळीत', आणि 'घरभर वास सुटतो'. म्हणून दुपारी सासूबाई झोपल्या की करते, ओट्याशी उभी राहून खाते आणि खिडक्या उघडून टाकते. मुलगी शाळेतून लवकर आली तर ती ब्रेडला लावून खाते. सणाला माहेरचं काही करायचं म्हटलं की नवरा म्हणतो, "सणाला आमच्याकडचंच हवं." काय करू?
– ऐरोलीची एक सून

प्रिय ऐरोलीकर,

हळदीच्या पानांच्या युक्तीला मनापासून दाद देते. इतकं डोकं चालवणारी बाई उकडीपुढे हरते, हे काही मला पटत नाही.

तुझं पत्र इथे बरंच कापून छापलंय, म्हणून बाकीच्यांना सांगते: मूळ पत्रात मोदकांना जेमतेम अर्धं पान मिळालंय आणि भरिताला अडीच. वांगं हाताला हलकं लागलं पाहिजे इथपासून आजी कपाशीच्या काड्यांवर ते कसं भाजायची, लाकडी बडगीत कसं ठेचायची, हिरवी मिरची आणि लसूण किती, कांद्याची पात कधी घालायची, इथपर्यंत सगळं त्यात आहे. दुखतंय कुठे ते तुला चांगलं ठाऊक आहे. पण गणपती जवळ आलेत, तेव्हा आधी मोदक उरकू.

सासूबाईंना सांगायचं. जाऊ-नणंद यायच्या निदान आठवडाभर आधी, दुपारचा चहा झाल्यावर, दोघीच असताना. नवऱ्याला मध्ये घेऊ नकोस, तो विनोद करेल. बोलायचं एवढंच: "आई, गेल्या वर्षीचे मोदक मी ठाण्याहून आणले होते. मला जमले नाहीत आणि सांगायची लाज वाटली. या वर्षी तुम्ही शिकवा." मग गप्प बसायचं. ऑफिस, दगदग, वेळ नव्हता, ही कारणं काढू नकोस, त्यांनी राग वाढतो. दोन दिवस टोमणे येतील, ते खाऊन घे. तेवढं देणं लागतेस.

माझी एक शंका आहे. ज्या बाईनं आयुष्यभर दर भाद्रपदात मोदक वळले, तिला दुसऱ्याचा हात ओळखू येतो. प्रत्येकीची कळी वेगळी असते, कुणाची खोल, कुणाची नुसती चिमटा काढल्यासारखी, कुणाचं टोक लांब, कुणाचं बुटकं. त्यांनी कळ्या मोजल्या असं तू लिहितेस. कौतुक करताना कुणी मोजत नाही, तपासताना मोजतात. त्यांना कळलं असण्याची शक्यता बरीच आहे. मग तरीही गावभर का सांगितलं? स्वतःच्या हातून मोदक सुटल्याचं त्यांना सांगायचं नसेल. 'आता मला होत नाही' म्हणण्यापेक्षा 'सुनेला छान येतात' हे म्हणायला सोपं जातं. त्यामुळे तू शिकवा म्हणालीस तर त्या रागावतीलही आणि आतून सुखावतीलही.

आणि एक साधी गोष्ट तुमच्या घरात कुणालाच सुचलेली दिसत नाही. गुडघे गेलेत, हात शाबूत आहेत ना? उकड काढायला उभं राहावं लागतं, ते तू कर. मळणं, पारी करणं, कळ्या पाडणं सगळं डायनिंग टेबलाशी खुर्चीत बसून होतं. त्यांना खुर्ची, परात, तेल-पाण्याची वाटी दे. जाऊबाई आणि नणंद येऊ देत खुशाल. शिकवणाऱ्या सासूबाई, शिकणाऱ्या तुम्ही तिघी. तुझी अब्रूही त्यात झाकली जाते, कारण मोदक टेबलावर कुणी वळले याचा हिशेब कोण ठेवतं!

तुझे मोदक का फुटले ते तुझ्या वर्णनावरून कळतंय. "उकड निवल्यावर मळायला घेतली" असं लिहिलंयस, तिथेच घात झाला. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, पिठी जुनी किंवा कोरडी असेल तर चमचा-दोन चमचे जास्त. पाण्यात मीठ आणि चमचाभर लोणी किंवा तूप घालायचं. उकळी आली की पिठी घालून ढवळायचं, गॅस बारीक करून झाकण ठेवायचं, एक-दोन वाफा येऊ द्यायच्या. मग हाताला सोसेल तेवढी गरम असतानाच मळायची, तेल-पाण्याचा हात लावत, लोण्यासारखी होईपर्यंत. एका वेळी थोडीच घ्यायची, बाकीची ओल्या फडक्याखाली. पारीच्या कडेला भेगा दिसल्या तर तो गोळा परत मळ, तशीच पुढे रेटू नकोस. सारणाला दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ. ते फार आटवलं तर मोदकात दगड होतो, ओलं राहिलं तर बुडातून गळतं. चाळणीत ठेवण्याआधी मोदकाचं बूड पाण्यात बुडवून घ्यायचं आणि दहा-बारा मिनिटं वाफवायचे. रविवारी चार मोदकांचीच उकड काढून पाहा, आणि या वेळी उघडपणे.

ओल्या नारळाचं गोड आवडत नाही ना? मग उरलेल्या उकडीवर हक्क सांग. तिच्यात हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, मीठ घालून चपट्या थापायच्या आणि मोदकांबरोबरच वाफवायच्या. निवगऱ्या म्हणतात त्यांना. चौदा वर्षांत तुला त्या कुणी वाढल्या नाहीत, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. वरून तेलाची धार सोडून खा. तुझ्यासारख्या तिखटखाऊ माणसाची सोय मोदकांच्या घरातच आधीपासून आहे.

बाहेरून मोदक आणण्यात काही पाप नाही, तेही सांगून टाकते. ठाण्यात, डोंबिवलीत, तुमच्या नवी मुंबईत कितीतरी बायका गणपतीच्या दिवसांत पहाटेपासून मोदकांच्या ऑर्डरी पुऱ्या करतात आणि कित्येक घरांना त्या पैशांचा आधार असतो. त्यांच्या कष्टांवर तू स्वतःचं नाव लावलंस, खटकतं ते एवढंच. या वर्षीही गरज पडली तर आण, आणि "ठाण्याच्या बाईंचे आहेत" असं सांगून वाढ.

आता भरीत.

आधी तुझी एक समजूत काढून टाकते. भाजल्या वांग्याचा वास लपत नाही. सोसायटीच्या जिन्यात येतो, वरच्या मजल्यावर जातो. शेजारच्या खोलीत झोपलेल्या सासूबाईंना येत नाही असं तुला खरंच वाटतं? चौदा वर्षं त्या जाग्या असून डोळे मिटून पडत असणार. आणि ज्या घरात सुके बोंबील भाजले जातात (पत्राच्या तिसऱ्या पानावर तूच लिहिलंयस), त्या घरानं वांग्याच्या वासाबद्दल कुरकुर करावी, याला काय म्हणायचं! तिखटाची तक्रार मात्र खरी आहे. वयाबरोबर पोटाला ते सोसत नाही. मिरची-लसणाचा ठेचा वेगळा ठेव, त्यांच्यासाठी भरीत साधं काढ आणि तुझ्या वाट्याला हवा तेवढा ठेचा मिसळ.

नवऱ्याच्या 'आमच्याकडचंच' याला उत्तर द्यायला फार विद्वत्ता लागत नाही. तुम्ही राहता ते ऐरोली. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि मग इथे सेक्टर पडत गेले. त्याआधी इथे आगरी-कोळ्यांची गावं होती. दिवा कोळीवाडा आहेच अजून तुमच्या शेजारी. 'आमच्याकडचं' म्हणायचा पहिला मान त्यांचा, त्यांच्या तांदळाच्या भाकरीचा आणि खाडीच्या चिंबोऱ्यांचा. मालवणचा नारळ आणि चोपड्याची ज्वारी, दोन्ही इथे गाठोड्यात बांधूनच आली. आणखी मागे जायचं तर मिरचीसुद्धा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. तिच्यावाचून तुझा ठेचाही नाही आणि त्याच्या आईचा मालवणी मसालाही नाही. हे त्याला जेवताना सांग, भांडताना नको. आणि या वर्षी नारळ खवायची विळी त्याच्याकडे दे.

तरीही चतुर्थीच्या नैवेद्याच्या पानात भरीत घुसवू नकोस. तिथे मी तुझ्या बाजूची नाही. त्या घरचा गणपती, त्या घरचा नैवेद्य. शिवाय चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण न खाणारी माणसं पाहुण्यांत असतीलच. तुझी वेळ दुसऱ्या दिवशी रात्री येते. विसर्जन करून सगळे परत येतात, पाय दुखत असतात, दोन दिवस गोड आणि सात्त्विक खाऊन जिभा कंटाळलेल्या असतात. तेव्हा काळ्या मसाल्याचा लाल तवंगाचा रस्सा तयार ठेव आणि वाढायच्या क्षणी त्यात जाड तिखट शेव टाक. मला त्या रात्रीबद्दल काडीची शंका नाही. तुझे दीरसुद्धा दुसऱ्यांदा भाकरी मागतील.

आणि भरिताला स्वतःचा सण आहे, हे चोपड्याच्या मुलीला मी सांगायचं? चंपाषष्ठी, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात. चातुर्मासात वांगं सोडलेली कितीतरी घरं त्याच दिवशी ते पुन्हा खायला काढतात. तुमच्याकडची ती मोठाली, हिरवी-पांढरट वांगी त्या सुमाराला भरात असतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, हे नवऱ्याच्या कानावर घाल, अशा शिक्क्यांचा काही माणसांवर चांगला परिणाम होतो. त्या दिवशी जाऊ-नणंदेला जेवायला बोलाव. भरीत, कळण्याची भाकरी, पातीचा कांदा. गॅसवर वांगं भाजताना बेताचं तेल लाव, टोचे मार आणि झाकू नकोस. कपाशीच्या काड्यांची चव येणार नाही, ते सोडून दे. सगळ्यांबरोबर पानावर बसून जेव, ओट्याशी नाही.

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, एवढ्यात काढू नकोस. खापरावरचे मांडे फ्लॅटच्या गॅसवर करायचे म्हणजे वेगळीच कसरत, त्यासाठी चैत्रात पुन्हा लिही. लेकीला मात्र कळणं दळून आणण्यापासून बरोबर घे. ज्वारी, सालासकट उडीद आणि मीठ. ब्रेडला भरीत लावणारी मुलगी म्हणजे घरात तुझं एक मत पक्कं आहे.

ताजा कलममध्ये तू विचारलंस की नवऱ्याला आवडावं म्हणून भरितात ओलं खोबरं घातलं तर चालेल का. सुक्या खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे तेलात परतून तसेही पडतातच, ते वाटल्यास जरा सढळ हातानं घाल. ओलं खोबरं नाही. चोपड्याला कळलं तर माहेरी पाऊल ठेवू देणार नाहीत.

– मावशी