‘माझ्या इंग्रजीला तिथे कोण विचारणार?’

परदेशी जाऊन इंग्रजी शिकवायचं म्हणणारे वर्षाकाठी तीनचार जण तरी माझ्याकडे समुपदेशनाला येतात. बहुतेक जण शिक्षक असतात, मराठी माध्यमातून शिकलेले. सगळ्यांचा प्रश्न एकच. ‘तिथे म्हणे गोरेच लागतात. आपलं हे इंग्रजी चालेल का?’ या प्रश्नाला मी कित्येक वर्षं चुकीचं उत्तर देत होते. ते एका बाईंमुळे माझ्या लक्षात आलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि नावाऐवजी ‘बाई’च म्हणते. शाळेत मुलंही त्यांना तेच म्हणायची.

बाई एकोणतीस वर्षांच्या. एम.ए., बी.एड., विनाअनुदानित शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी. पगार दहा हजार, तोही दोनतीन महिन्यांनी एकदम. घरी आई, गुडघ्यांनी अधू. धाकटा भाऊ पुण्यात. पहिल्या भेटीत त्या माझ्याशी पाच मिनिटं इंग्रजीत बोलल्या, परीक्षेला बसल्यासारख्या ताठ. मग पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “बघितलंत ना? हे असं आहे.”

खरं तर इंग्रजी चांगलं होतं. मी तसं सांगितलं, आत्मविश्वास वाढवायचे नेहमीचे दोनचार उपाय दिले, आरशासमोर बोला वगैरे. आठ दिवसांनी एका शाळेसाठी त्यांची ऑनलाइन मुलाखत झाली आणि त्या मधेच गप्प झाल्या. समोरच्या माणसाने विचारलं होतं, “यू आर नॉट अ नेटिव्ह स्पीकर, राइट?” म्हणजे, इंग्रजी तुमची मातृभाषा नाही ना? पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यांनी कॅमेरा बंद केला.

त्यांना धीर हवा आहे असं मी धरून चालले होते. त्यांना हवी होती माहिती, आणि ती मी गोळाच केली नव्हती. मग आम्ही दोघींनी बसून ती काढली. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. आपण त्यात नाही. मात्र भारत-कोरिया आर्थिक करार २०१० साली अमलात आला, आणि त्यात इंग्रजी शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. थायलंडमध्ये तर सात देशांची अशी यादीच नाही. मातृभाषा इंग्रजी नसेल तर परीक्षेचे गुण दाखवायचे आणि तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी घ्यायची. तिथे बी.एड. हा जमेचा मुद्दा. पगारात मात्र गोऱ्या शिक्षकापेक्षा कमी देणाऱ्या शाळा आहेत, हे मी लपवलं नाही. अन्याय आहेच. पण तो माहीत असला की माणूस मुलाखतीत मुका होत नाही.

“म्हणजे वाट आहे,” बाई म्हणाल्या. आवाजात आनंद नव्हता, थोडा राग होता. मला तो राग आवडला.

तिसऱ्या भेटीत त्या एक कागद घेऊन आल्या. ओळखीतल्या एकाने एजंट गाठून दिला होता. एक लाख साठ हजार रुपये, त्यातले निम्मे आधी. जायचं थायलंडला, पर्यटक व्हिसावर, ‘तिथे गेल्यावर बदलून देऊ’. पतसंस्थेतून कर्ज काढायचं ठरलंही होतं. मी विचारलं, शाळेचं नाव काय? माहीत नाही. करारपत्र? तिथे गेल्यावर. मग हो का म्हणालात?

बाई खाली बघत म्हणाल्या, “मी नेटिव्ह नाही ना. एजंट म्हणाला, तुमच्यासारख्यांना सरळ मार्गाने कोण घेतंय.”

इथे मला सगळं प्रकरण दिसलं. उच्चारांची लाज नुसती मनात बसून राहत नाही, ती व्यवहारात उतरते. आपण कमअस्सल आहोत हे एकदा पटलं की माणूस कमअस्सल अटी मान्य करतो. करार मागायला कचरतो, पैसे मात्र जास्त मोजतो. एजंटला हे माझ्यासारख्या समुपदेशकापेक्षा आधी कळतं.

पर्यटक व्हिसावर थायलंडमध्ये शिकवणं बेकायदा आहे. कामाचा परवाना लागतो आणि तो शाळेच्या कागदांशिवाय मिळत नाही. आपल्याकडे परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव तपासता येतं, आणि सेवाशुल्काला तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. या एजंटचं नाव तिथे नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशाराच दिला होता. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली तरुणांना बेकायदा म्यानमारमधल्या म्यावड्डीला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जात होतं. त्यांना शिक्षकाची नव्हे, संगणकावरच्या कामाची आमिषं होती. पण पर्यटक व्हिसाची भाषा तीच. बाईंनी कर्ज काढलं नाही. ओळखीतल्या त्या माणसाने नंतर बरेच दिवस बोलणं टाकलं होतं म्हणे.

उच्चारांचं काय? तेही सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट तिथेच घडली. मी म्हटलं, मला थाई मूल समजा आणि पंधरा मिनिटं शिकवा. त्यांनी ‘व्हॅन’ शब्द घेतला. आपल्याकडे एकच ‘व’. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम की बंडी, हे आपण संदर्भावरून ओळखतो. थाई भाषेतही इंग्रजी ‘व्ही’चा आवाज नाही, तिथली मुलंही सर्रास ‘डब्ल्यू’चाच काढतात. बाई स्वतः बी.एड.च्या वेळी हे शिकल्या होत्या. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि बोटाने ओठाची थरथर तपासायची. त्यांनी मलाही तसंच करायला लावलं. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला ही थरथर कधी शोधावी लागलेली नसते. पुढच्या मुलाखतीत तोच प्रश्न आल्यावर बाई म्हणाल्या, नाही, मी इंग्रजी शिकून आले आहे, आणि कशी शिकले ते आत्ता दाखवते.

बाकीची तयारी कंटाळवाणी होती, त्यामुळे थोडक्यात. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला नावाने. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शिवाय आईचं वेगळं. पासपोर्टवर क्रम निराळा. तिथल्या कार्यालयाला वाटलं या दोन बाया आहेत. शेवटी ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र केलं. पदवीचं साक्षांकन आधी राज्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून. थायलंडमधलं शालेय वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं आणि दुसरं सत्र नोव्हेंबरात. आम्ही नोव्हेंबर धरला, कारण मेपर्यंत हे कागद होणारच नव्हते.

आईचा प्रश्न कागदांनी सुटणारा नव्हता. “मुलगी परत येईतो लग्नाचं वय जाईल,” असं त्या माझ्यासमोरच म्हणाल्या. मी समजावत बसले नाही. भावाला फोन लावून गुडघ्याच्या डॉक्टरांच्या तारखा आणि महिन्याचा खर्च कोण सांभाळणार ते लिहून घेतलं. पुण्यातल्या भावाला आपणही मुलगाच आहोत हे थोडं उशिरा आठवलं, एवढंच म्हणते. रोज रात्री साडेसातला फोन करायचं ठरलं. तेव्हा तिथे नऊ वाजलेले असतात. आई म्हणाल्या, “मग जेवून फोन कर, उपाशी नको.” होकार तो एवढाच.

बाई थायलंडच्या ईशान भागात आहेत. देशाचा ईशान्य कोपरा, नावही त्याच शब्दावरून आलेलं. पहिले दोन महिने वाईट गेले. रविवारी मला लांबलचक संदेश यायचे, बरेचसे जेवणाबद्दल. करार वर्षाचा होता, पुढे त्यांनी तो वाढवला.

जूनमध्ये एका गुरुवारी त्यांनी फोटो पाठवला. तिथे शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, म्हणजे आपला गुरूच, आणि शाळाशाळांतून ‘वाई ख्रू’ नावाचा गुरुवंदनेचा दिवस असतो, बहुधा गुरुवारीच. मुलं गुडघ्यांवर बसून फुलांची तबकं देतात. तबकात वांग्याची फुलं होती आणि दूर्वा. खाली बाईंचा संदेश होता: ‘आईला पाठवला. ती म्हणते, एकवीस आहेत का मोजून बघ.’