एकच ग्रीस सगळ्या यंत्रांना चालेल का?

प्रश्न : आमच्या कारखान्यात सर्व यंत्रांना लिथियमचे दोन नंबरचे एकच ग्रीस भरले जाते. मिनिटाला १४५० फेरे घेणाऱ्या पंख्याचे बेअरिंग ग्रीस भरल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत तापलेले राहते, तर धुलाई विभागातल्या ३० फेऱ्यांच्या कन्व्हेयरचे ग्रीस आठवड्याभरात पाण्याबरोबर निघून जाते. दोन्हीकडे ६२१० या क्रमांकाचेच बेअरिंग आहे. अधिक ड्रॉपिंग पॉइंटचे महाग ग्रीस घेतल्यास दोन्ही तक्रारी मिटतील का?

उत्तर : मिटणार नाहीत, कारण दोन्ही तक्रारींचे मूळ ड्रॉपिंग पॉइंटमध्ये नाही. ज्या तापमानाला चाचणीच्या कपातून ग्रीसचा पहिला थेंब गळतो, तो ड्रॉपिंग पॉइंट. तितक्या तापमानाला ग्रीस काम देईल असा त्याचा अर्थ होत नाही. साध्या लिथियम ग्रीसचा ड्रॉपिंग पॉइंट १८० अंशांच्या पुढे असला, तरी ते सतत १२० अंशांवर वापरणे सहसा योग्य ठरत नाही. ‘दोन नंबर’ हे तर केवळ घट्टपणाचे माप आहे.

ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्टकारकाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल, आणि वंगणाचे मुख्य काम ते तेलच करते. म्हणून डब्यावरचे नाव वाचण्याआधी माहितीपत्रकात मूळ तेलाची ४० अंशांवरील स्निग्धता, म्हणजे दाटपणा, पाहावी; ती सेंटिस्टोक या एककात दिलेली असते. आपल्या बेअरिंगचा आतला व्यास ५० आणि बाहेरचा ९० मिलिमीटर, म्हणजे सरासरी ७०. त्याला फेऱ्यांनी गुणले की पंख्यासाठी १,०१,५०० हा वेगांक येतो आणि कन्व्हेयरसाठी अवघा २,१००. पंख्याला चालू तापमानावर सुमारे १४ सेंटिस्टोकचे तेल पुरते. हळू फिरणाऱ्या कन्व्हेयरला मात्र पोलाद पोलादाला टेकू नये इतका जाड थर धरण्यासाठी ३०० च्या पुढची स्निग्धता लागते. तापल्यावर तेल पातळ होते, म्हणून पंख्याला ४० अंशांवर मूळ तेल १०० च्या आसपास असलेले ग्रीस घ्यावे आणि कन्व्हेयरला ४६० चे, ईपी (मोठ्या दाबाखालीही झीज रोखणारी) रसायने असलेले. तिथे पाण्याचा मारा असल्याने कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स हे पाण्यात टिकणारे ग्रीस हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा पर्याय आहे.

पंखा तापण्याचे कारण मात्र ग्रीसच्या जातीपेक्षा त्याच्या मात्रेत असावे, असे आपल्या वर्णनावरून वाटते. बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५ या सूत्राने ९० × २० × ०.००५, म्हणजे एका वेळी ९ ग्रॅम ग्रीस पुरेसे आहे. ग्रीस गनचा दांडा दहा वेळा दाबून निघालेले ग्रीस कागदावर घ्या आणि वजन करा. एका दाबाला किती ग्रॅम पडते हे कळले की फिटरला नेमका आकडा सांगता येतो. अनेक ठिकाणी निपलभोवती, म्हणजे ग्रीस भरण्याच्या तोंडाभोवती, ग्रीस दिसेपर्यंत गन दाबत राहण्याची सवय असते. हाउसिंग, म्हणजे बेअरिंगभोवतीचे घर, ठासून भरले की बेअरिंगमधल्या गोळ्या ग्रीस घुसळत राहतात आणि त्या घुसळण्यानेच बेअरिंग तापते. ग्रीस भरताना खालचा निचरा-प्लग उघडा ठेवावा आणि पंखा काही वेळ चालवून जादा ग्रीस बाहेर पडल्यावरच तो बंद करावा. काही तासांत तापमान उतरले, तर काळजीचे कारण नाही. बेअरिंग नेहमीच ७० अंशांच्या वर चालत असेल, तर दर १५ अंशांमागे ग्रीस भरण्याची मुदत निम्मी करावी.

नवे ग्रीस जुन्यावर तसेच भरू नका. लिथियम आणि पॉलियुरिया (साबणाऐवजी दुसऱ्या घट्टकारकाचे ग्रीस) यांसारखी ग्रीस एकत्र आल्यास अनेकदा मिश्रण पातळ होऊन गळून जाते. हाउसिंग उघडून, पुसून मगच बदल करावा, आणि दोन ग्रीससाठी दोन वेगळ्या गन ठेवाव्यात.

प्रश्न : निळे ग्रीस लाल ग्रीसपेक्षा चांगले असते का?

उत्तर : नाही. हे रंग मुद्दाम मिसळलेले असतात, त्यांवरून गुण कळत नाही. वापरलेल्या ग्रीसचा रंग मात्र अवश्य पाहावा : दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले आहे, आणि काळपट होऊन जळका वास येत असेल तर तेल तापून खराब झाले आहे.