जकातीच्या हिशेबापासून सुरुवात कर

अस्सलामु अलैकुम.

हर्णैच्या मोहल्ल्यातील महिलांसाठी तू आखलेला पाच दिवसांच्या उद्योजकता प्रशिक्षणाचा आराखडा वाचला. पहिला दिवस तू कर्जयोजनांना दिला आहेस. तो मला शेवटी हवा आहे.

मीही पूर्वी फळ्यावर खेळते भांडवल आणि नफा-तोटा लिहून वर्ग सुरू करत असे, आणि समोरून कोणी बोलत नसे. एकदा सोडे आणि सुके बोंबील विकणाऱ्या एका बाईंनी विचारले, "हा रमजानातल्या जकातीचाच हिशेब ना?" जकात म्हणजे शिलकीतून दरवर्षी द्यायचे धार्मिक दान. ती बसण्याएवढी, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी, शिल्लक त्यांच्याकडे कधी नसे, तरीही ती आपल्यावर बसते की नाही हे पाहण्यासाठी त्या दरवर्षी घरातला माल बाजारभावाने मोजत, त्यात रोकड आणि वसूल होणारी उधारी मिळवत आणि देणी वजा करत. हा ताळेबंदच आहे. तो दरमहा मांडायचा आणि घरखर्चासाठी गल्ल्यातून उचललेली रक्कम वेगळ्या रकान्यात लिहायची, एवढेच आपण शिकवायचे. ती उचल लिहिली जात नाही, म्हणून बऱ्यापैकी चाललेल्या धंद्यातही काही उरत नाही असे वाटत राहते.

नात्यातली उधारी लिहून ठेवायला बायका संकोचतात. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, नेमकी याविषयी आहे: रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका. हे तू सांगू नकोस. मोहल्ल्यात मुलींना कुरआन शिकवणाऱ्या बाईंना बोलाव.

वहीत महिन्यासोबत चांद्रमासही लिहून घे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी मे महिन्यात होते. ती तारीख हलत नाही. रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ मध्ये तो मेच्या मध्यावर सुरू झाला, २०२६ मध्ये फेब्रुवारीत. गेल्या वर्षीच्या तारखांवर विसंबून माल भरणाऱ्या बाईचे भांडवल अशाने अडकून पडते, आणि हे नुकसान मी अनेक घरांत पाहिले आहे.

कर्जाकडे यानंतर ये. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारण लागत नाही, हे सांग. लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क आहे, हेही सांग, कारण तिच्यासाठी पैसे उकळणारे भेटतात. व्याज नको म्हणणाऱ्या बाईशी वाद घालू नकोस. कर्ज-ए-हसना (बिनव्याजी कर्ज) किंवा मुराबहा, म्हणजे देणाऱ्याने यंत्र स्वतः विकत घेऊन ठरलेल्या नफ्यासह हप्त्यांनी विकणे, हे मार्ग आकडे मांडून समजाव आणि निर्णय तिच्यावर सोड.

वर्ग जोहरच्या (दुपारच्या) नमाजनंतर घे. पहिल्या दिवशी भरलेले वहीचे एखादे पान, नाव झाकून, मला पाठव. पुढचे चार दिवस त्यावरून ठरवू.