आठवीच्या मुलांची वैज्ञानिक विचारशक्ती आणि आकडे वाचण्याची समज कशी तपासावी? पाठांतर नकोय.

पुण्यात असाल तर प्रश्नांचा कच्चा माल पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रातून घरी येतोच! त्यातला खडकवासला प्रकल्पाच्या चार धरणांच्या पाणीसाठ्याचा तक्ता घ्या. क्षमता साधारण अशी: खडकवासला १.९७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. आता विचारा, खडकवासला ९० टक्के भरलंय आणि पानशेत ४० टक्के, तर पाणी जास्त कुठे? बरीच मुलं झटकन खडकवासला म्हणतील. तिथं पावणेदोन टीएमसीच आहे, पानशेतमध्ये सव्वाचार. टक्केवारी कशाची, हे मूल विचारतं का, तेवढंच बघायचं.

मात्र नुसत्या उत्तराला मार्क देऊ नका. प्रत्येक प्रश्नाखाली 'कारण निवडा' असा दुसरा प्रश्न जोडा आणि दोन्ही बरोबर असतील तरच गुण. अमेरिकेतले विज्ञान-शिक्षणाचे संशोधक अँटन लॉसन यांच्या १९७८ च्या विचारशक्ती-चाचणीवरून पुढे आलेली ही जोडप्रश्नांची पद्धत आजही वापरली जाते. तुक्का लगेच उघडा पडतो.

प्रयोगाची समज तपासायला एक फसलेला प्रयोग द्या: मेथीच्या दोन कुंड्या, एक उन्हात, एक सावलीत, पण उन्हातल्या कुंडीला पाणी दुप्पट. 'उन्हामुळे मेथी जोमात वाढली' हा निष्कर्ष टिकतो का, आणि प्रयोगात काय बदलाल? इथे पर्याय देऊ नका, दोन ओळी लिहू द्या. तपासायला वेळ जातो खरा, पण मूल कुठे अडकतंय ते यातच दिसतं.

वेळेची घाई नको. चाळीस मिनिटांत सहा-सात प्रश्न पुरे.