पल्सर १५० चा मागचा टायर बदलताना १०० मिमी रुंदीऐवजी १२० चा टाकावा का?

नका टाकू.

खरं तर उत्तर इथेच संपतं. पण तुम्ही लिहिलंय की गाडी वडिलांची आहे, २०१७ ची, रोज उंब्रज ते सातारा हायवेनं कॉलेजला जाता, शनिवार-रविवारी मित्रांबरोबर घाटात. मागचा टायर पार गुळगुळीत झालाय, वळणावर झटका बसतो, आणि पुढच्या टायरचं काय करू असंही विचारलंय. मित्र म्हणतात रुंद टायर टाक, ग्रिप वाढते आणि गाडी भारी दिसते. दुकानदार म्हणतो, बसतो. तर तो 'बसतो' हा शब्द मला चांगला ओळखीचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी कराडचा. औषध कंपनीत एमआर आहे आणि आठवड्यातून एक दिवस चिपळूण ठरलेलं, म्हणजे कुंभार्ली घाट उतरायचा आणि संध्याकाळी परत चढायचा. गाडी तुमचीच, पल्सर १५०. काही वर्षांपूर्वी मीही असाच १००/९०-१७ काढून १२०/८०-१७ टाकला होता. बसला की! पहिले दोन महिने मी पार्किंगमध्ये गाडी लावून मागे वळून बघायचो, इतका खूश होतो.

मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. घाटात गाडी वळणावर आपणहून झोपायची, ती आता ढकलून झोपवावी लागायची. याचं कारण साधं आहे. रिम तीच, अरुंद. तिच्यात रुंद टायर कोंबला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग टोक काढल्यासारखा वर येतो. टायरची बाजू ज्या गोलाईनं रस्त्याला टेकायला हवी, ती गोलाईच बिघडते. शिवाय रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर, हा हिशेबही तितका खरा नाही. टायरचा किती भाग रस्त्याला टेकतो, हे मुख्यतः वजनावर आणि आतल्या हवेवर ठरतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसली गत.

दुसरी गंमत सहा महिन्यांनी झाली. जुनी चेन ताणलेली होती, त्यामुळे चाक मागे सरकवून ठेवलेलं. नवीन चेन टाकली, चाक पुढे आलं, आणि टायर आतल्या प्लास्टिकला घासायला लागला. जळक्या रबराचा वास कुठून येतोय हे शोधण्यात पाटणपर्यंतचा रस्ता गेला. अॅव्हरेजही लिटरमागे दोन-तीन किलोमीटर कमी झालं होतं. दुकानदार खोटं बोलला नव्हता. 'बसतो' एवढंच म्हणाला होता, 'चालतो' असं नाही.

टायरवरचे हे आकडे वाचायला शिका, मग कुणाला विचारावं लागणार नाही. १००/९०-१७ म्हणजे टायरची रुंदी १०० मिमी, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ९० मिमी, आणि रिम १७ इंची. त्यावरून अख्ख्या चाकाचा व्यास साधारण ६१२ मिमी येतो. १२०/८० ची उंची ९६ मिमी, व्यास ६२४. म्हणजे चाक दोन टक्क्यांनी मोठं झालं आणि स्पीडोमीटर, गिअरिंग सगळं त्या मानानं हललं. पुढे '५५पी' असं काही लिहिलेलं असतं. ५५ हा भाराचा आकडा आहे, अर्थ २१८ किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. जुन्या टायरवर जो भाराचा आकडा आहे, त्याहून कमीचा नवा घेऊ नका, दोनशे रुपये स्वस्त मिळाला तरी.

आणि एक चार आकडी संख्या शोधा. लंबगोल चौकटीत असते, 'डीओटी' या अक्षरांच्या ओळीत शेवटी. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ही टायरची जन्मतारीख. मला एकदा 'खास तुमच्यासाठी' सवलत मिळाली होती, घरी येऊन बघतो तर टायर साडेतीन वर्षांचा. रबर दुकानात पडून राहिलं तरी कडक होत जातं. नवा घेताना मी सहा-आठ महिन्यांच्या आतलाच मागतो, आणि दुकानदाराला राग आला तर येऊ देतो. वापरातला टायर पाच-सहा वर्षांचा झाला की नक्षी शिल्लक असली तरी बदलतो, कारण तोवर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक भेगा दिसायला लागलेल्या असतात.

कंपनीवरून भांडू नका. एमआरएफ, सीएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, मिशेलिन, या मापात सगळ्यांचे टायर मिळतात. त्यातला ताजा आणि योग्य मापाचा घ्या. नक्षी मात्र बघून घ्या. तुमचं जाणं-येणं डांबरी हायवेवर आणि घाटात, तर मधोमध फार मोठे गाळे नसलेली, पण बाजूला पाणी जाण्यासाठी नीट खाचा असलेली नक्षी बरी. ते बटणासारखे ठोकळे असलेले टायर शेताच्या वाटेला छान, ओल्या डांबरावर त्यांचा भरवसा नाही.

ट्यूबलेसच घ्या, पण आधी रिमवर 'ट्यूबलेस' असं लिहिलंय का ते बघा. ट्यूबलेसच्या रिमला आतून एक उंचवटा असतो, तो टायरची कडा जागेवर धरून ठेवतो. साध्या रिमला तो नसतो, मग नुसता टायर ट्यूबलेस असून उपयोग काय? ट्यूबमध्ये खिळा घुसला की हवा क्षणात जाते आणि भरधाव गाडी मागून शेपटी हलवायला लागते. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतून राहतो, हवा हळूहळू जाते, तुम्ही पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचता. तुमच्या स्प्लेंडरवाल्या मित्राची तारांची रिम असेल तर त्यानं ट्यूबवरच राहावं, तारांच्या भोकांतून हवा धरणार नाही. आणि ती चिकट दोरी घालून काढलेलं पंक्चर मधल्या नक्षीतलं असेल तर चालतं. साइडवॉलला भोक पडलं तर टायर गेला, मग पंक्चरवाला कितीही म्हणू दे 'काय होत नाही साहेब'. साइडवॉलला टेंगूळ आलं असेल तरी तसंच. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेले असतात, नुसतं रबर हवा धरून असतं.

आता हवेकडे येतो. माझं स्पष्ट मत सांगू का, तुम्ही टायर कुठलाही घ्या, तो किती टिकेल आणि पावसात किती धरेल हे हवेवर जास्त ठरणार आहे. आपल्या गाडीला पुढे २५ पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप), मागे एकटे असाल तर २८, कुणी मागे बसणार असेल तर ३२. पंपावरचा पोरगा न विचारता मागे चाळीस भरतो, कारण चाळीस भरली की 'गाडी हलकी पळते'. पळतेच. पण टायर मधोमध फुगतो, फक्त मधला पट्टा घासतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागचं चाक सरकतं. तुमच्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नसणार. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, तुमची २०१७ ची. म्हणजे चाक लॉक होऊ न देणं तुमच्या पायावर आणि टायरवर आहे.

हवा कमी असली तर वेगळा त्रास. कडा घासतात, टायर दर फेऱ्याला जास्त दबतो-उठतो आणि तापतो, खड्ड्यात रिम वाकते. म्हणूनच 'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर फुटेल' हा सल्ला उलटा आहे. एप्रिलच्या उन्हात कमी हवेचा टायरच जास्त तापतो. हवा नेहमी गार टायरमध्ये मोजायची, म्हणजे सकाळी निघताना. साताऱ्यापर्यंत पळवून मग मोजलीत तर तीन-चार पीएसआय जास्त दाखवेल, ती बघून काढून टाकू नका. दोन-तीनशे रुपयांचा छोटा गेज मिळतो, तो डिकीत नाहीतर बॅगेत ठेवा आणि दर रविवारी बघा. पंपावरच्या मशीनचे आकडे मी दोन पंपांवर ताडून पाहिलेत, चार पीएसआयचा फरक होता. हवा भरून झाली की व्हॉल्व्हच्या तोंडावर बोटानं थुंकी लावा. बुडबुडा आला तर पिन खराब आहे. आमच्याकडच्या जुन्या पंक्चरवाल्याची ही पद्धत, फुकट आणि अचूक. टोपी बसवायला विसरू नका.

नायट्रोजनचं विचारलं नाहीत, पण विचाराल. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे वाचवा.

तुमच्या रस्त्याबद्दल एक सांगतो. रोज सरळ हायवे मारला की मागचा टायर मधोमध सपाट होतो. सरळ जाताना ते कळत नाही. घाटात गाडी झुकवली की सपाट भागाच्या काठावरून चाक उतरतं आणि गाडी एकदम पडल्यासारखी वाटते. तुम्ही लिहिलेला 'वळणावरचा झटका' बहुधा हाच. खाचांच्या तळाशी रबराच्या बारीक पट्ट्या असतात, त्या कुठे आहेत हे साइडवॉलवर 'टीडब्ल्यूआय' या अक्षरांनी दाखवलेलं असतं. नक्षी त्या पट्टीबरोबर आली की टायर संपला. मी तेवढी वाट बघत नाही. खाच दोन मिलिमीटरवर आली आणि मे महिना असेल तर बदलून टाकतो, कारण मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा वर्षभराचं तेल आणि धूळ रस्त्यावर वर येते. तो पहिला अर्धा तास शक्यतो टपरीत चहा घेत काढावा. उसाच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर पडलेलं पाचटही तसंच घसरडं, टायर नवा असो की जुना.

बसवताना समोर उभे राहा. साइडवॉलवर बाण असतो, तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला हवा. घाईत उलटा बसवलेला मी स्वतः एकदा सातव्या दिवशी पाहिला. चेनचा ताण आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का तेही बघा, नाहीतर चाक तिरकं राहून नवा टायर एका बाजूनं खाईल. नव्या टायरचं वरचं रबर गुळगुळीत असतं, म्हणून पहिले दीडेकशे किलोमीटर घाटात झुकवाझुकवी नको. आणि चकाकी येते म्हणून टायरला पॉलिश मारून देतात, ते नक्षीवर येऊ देऊ नका.

पुढच्या टायरचं विचारलंत. तो मागच्याइतका लवकर घासत नाही, माझ्याकडे मागचे दोन जातात तेव्हा पुढचा एक जातो. पण तुमचा पुढचा २०१७ चाच, कंपनीतून आलेला असेल, तर नक्षी दिसत असली तरी तोही काढा. खात्री नसेल तर त्या चार आकड्यांचा फोटो इथे टाका, सांगतो.