गटकार्यात एकच हुशार मूल सगळं करतं, बाकीची बसून राहतात. मुलं एकमेकांकडून शिकावीत म्हणून काय करावं?

धड्याचे भाग पाडा आणि गटातल्या प्रत्येकाला वेगळा भाग द्या, म्हणजे एकाचं दुसऱ्यावाचून अडेल. ही ‘जिगसॉ’ पद्धत मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात सुरू केली. तिथे गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तणाव होता.

समजा, महाराष्ट्राची प्राकृतिक रचना शिकवायची आहे. चौघांच्या गटात एकाला कोकण किनारपट्टी, एकाला सह्याद्री, एकाला पठार, एकाला नद्या. आधी सगळ्या गटांतली ‘सह्याद्री’वाली मुलं एकत्र बसून आपला भाग पक्का करतात. ही पायरी कधीही गाळू नका; अडखळत वाचणाऱ्या मुलाला इथेच आधार मिळतो. मग प्रत्येक जण आपल्या गटात परतून इतरांना शिकवतो. शेवटी छोटी चाचणी घ्या, पण प्रत्येकाची स्वतंत्र.

मात्र प्रत्येक भाग स्वतंत्रपणे समजणारा हवा. अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी अशी वाटून देता येत नाही, कारण पहिली पायरी कळल्याशिवाय दुसरी कळत नाही. गणितासाठी जोड्या लावून एकमेकांना उदाहरण समजावून सांगायला लावणं बरं.