वाचकांचे प्रश्न : मण्यांची मापं आणि मॉचली

प्रश्न : तासगावच्या द्राक्षबागेत 12 वेलींच्या मण्यांचा व्यास वेगवेगळ्या वेळी, एकूण चार वेळा मोजला. मॉचली चाचणीत स्फेरिसिटी (कोणत्याही दोन मोजण्यांतल्या फरकांची तफावत सारखीच असणं) टिकली नाही. पहिल्या-शेवटच्या मोजणीची तुलना सोडून देऊ का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सोडता कशाला? प्रत्येक वेलीच्या शेवटच्या मापातून पहिलं वजा करा आणि त्या 12 फरकांवर टी-चाचणी (फरकांची सरासरी शून्याहून खरंच वेगळी आहे का, हे पाहणारी) लावा. डिग्रीज ऑफ फ्रीडम (फरकांच्या संख्येतून एक वजा) 11. इथे फरकांचा एकच संच आहे, त्यामुळे स्फेरिसिटी लागतच नाही. घोळ होतो तो सॉफ्टवेअरने चारही मोजण्यांची एकत्रित एरर (वेलीवेलींतल्या चढउताराचा अंदाज) वापरली की. मणी फुगताना वेलीवेलींतली तफावत वाढते, सुरुवातीला ती किरकोळ असते. चारही मोजण्यांच्या सरासरीत ही वाढलेली तफावत दबते आणि निकाल फुकटचा ‘सिग्निफिकंट’ (फरक निव्वळ योगायोगाचा नाही असा) येतो. ग्रीनहाउस-गायसर दुरुस्ती (स्फेरिसिटी नसताना डिग्रीज ऑफ फ्रीडम कमी करणारी) चारही मोजण्यांची एकत्र तुलना करणाऱ्या एकूण एफ-चाचणीला ठेवा. टी-चाचणीसाठी फरक मात्र साधारण नॉर्मल (घंटेच्या आकारात विखुरलेले) हवेत, आणि वेली परस्परांपासून स्वतंत्र. सगळ्या एकाच ओळीतल्या शेजारणी निवडल्या नाहीत ना, बाई?